पदर न झाडण्याचा पाठ

तो माणूस मला पहिल्या दिवशीच आवडला नाही, आणि पुढे कधी आवडावा असं त्यानेही काही केलं नाही. निवृत्त पोलीस अधिकारी. यवतमाळात दारव्हा नाक्याच्या पलीकडे एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात त्याने गार्ड लोकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. वऱ्हाडी मंडळी जिथे पंगतीला बसायची, तिथे आता तो आम्हाला सावधान-विश्राम करायला लावायचा. भिंतीवर 'शुभविवाह' ही अक्षरं अर्धवट खरवडलेली होती. सगळे त्याला साहेब म्हणायचे. मीही म्हणायचे, पण दात आवळून.

ती कापसाची पडती वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा ज्या कारणाने देशभर छापून यायचं, ते मी इथे उगाळत बसणार नाही. त्यावर कॅमेरे घेऊन आलेल्यांनी पुष्कळ उगाळलं आणि बिसलरीच्या रिकाम्या बाटल्या आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टाकून निघून गेले. मला आठवतं ते वेगळंच. गावागावातून तरणी माणसं उठली आणि पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गार्ड म्हणून उभी राहिली. कुणाच्यातरी सोसायटीचं फाटक, कुणाच्यातरी एटीएमचं दार. मग यवतमाळातही गल्लीबोळात सिक्युरिटीच्या पाट्या लागल्या. त्यातच कायदा आला, की प्रशिक्षण घेतल्याशिवाय गार्ड उभा करायचा नाही, आणि ते प्रशिक्षण लायक ठरलेल्या प्रशिक्षकानेच द्यायचं. नाहीतर एजन्सीला परवाना नाही. एजन्सीवाल्यांची धावपळ झाली. पुरुष प्रशिक्षक ढिगाने मिळत होते, फौजेतून सुटलेले, पोलिसातून सुटलेले. बायांना शिकवायला बाई मिळेना.

मी होमगार्डमध्ये काही वर्षं काढली होती आणि नंतर यवतमाळातल्या एका खाजगी दवाखान्याच्या गेटवर उभी होते. उभी म्हणजे खरोखर उभी. खुर्ची होती, पण ती डॉक्टरच्या सासऱ्याची पेपर वाचायची जागा होती. रोज कुणीतरी यायचं, गाडीची काच खाली करून "ए बाई" म्हणायचं. प्रशिक्षक झाले तर मला मॅडम म्हणतील, मी बसून बोलेन आणि दुसरे उभे राहतील, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. समाजसेवा वगैरे माझ्या मनात अजिबात नव्हती. ते प्रमाणपत्र मला पाहिजेच होतं.

बोरी अरबला माझी माय राहायची. सुटीच्या दिवशी एसटीने गेले आणि तिला सांगितलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे काय शिकोशीन तू त्याईले?"

म्हटलं, "गेटवर कसं उभं राहाचं, नोंद कशी ठेवाची, झडती कशी घ्याची."

"बायाईची झडती?"

"हाव. बायाईची बायाईनंच घ्याची असते. कायदाच हाय तसा."

तिने शेंग बाजूला फेकली. "लय मोठं काम शोधलं वं तुनं," म्हणाली. जेवायला वाढलं ते वाटी जमिनीवर आपटूनच.

माझी माय जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेली. मी लहान असताना तिच्या मागे असायचे. दिवस मावळला की सगळ्या बाया धुऱ्यावर ओळीने यायच्या. वरून घातलेला बाप्यांचा जुना शर्ट काढायचा, कमरेला बांधलेलं कापसाचं फडकं सोडून मोजायला द्यायचं आणि मग मुकादमासमोर उभं राहून पदर झाडायचा. आत कापूस लपवला नाही, हे दाखवायला. फट्ट असा आवाज व्हायचा. मुकादम म्हणायचा, "जा." एवढंच, तंबाखू मळता मळता, वर न बघता. माझी माय तर त्याने सांगायच्या आधीच पदर झाडायची. ओळीत तिचा नंबर आला रे आला की फट्ट. मला त्याची भयंकर चीड यायची. मागितलं नाही तरी पुढे पुढे करते, असं वाटायचं. इतरांचं बघून मीही एकदा माझा फ्रॉक झाडला होता आणि मुकादम हसला होता. ते हसू मी विसरले नाही.

तर साहेबाचं केंद्र. गार्डांबरोबर प्रशिक्षकही तिथेच तयार व्हायचे. प्रशिक्षक व्हायला आलेल्यांत मी एकटी बाई. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाई, तुम्ही मागे बसा, मागच्यांना फळा दिसत नाही." माझी उंची पाच फूटही धड नाही. मागच्यांना माझ्यामुळे काय दिसत नव्हतं, ते त्याचं त्याला माहीत. मी पुढेच बसले. तो शिकवायचा ते बरं शिकवायचा, हे मान्य करणं जिवावर येतं, पण करते. आग, चोरी, गर्दी, प्रथमोपचार, सगळं त्याला ठाऊक होतं. त्याचं छापलेलं एक पुस्तकही होतं, निळ्या कव्हरचं. मी ते बसमध्ये वाचलं, दवाखान्याच्या गेटवर उभ्याने वाचलं. मला वाटायचं, पुस्तक पाठ करून याच्या तोंडावर मारावं.

शेवटी परीक्षा म्हणजे एक पाठ घ्यायचा. नवशिक्या उमेदवारांना आपण शिकवायचं आणि साहेब कोपऱ्यात बसून बघणार. मला विषय आला 'प्रवेशद्वारावर महिलांची तपासणी'. उमेदवार म्हणून एका एजन्सीने खेड्यापाड्यातल्या बाया पाठवल्या होत्या. कुणी पांढरकवड्याकडची, कुणी घाटंजीकडची, कुणी आमच्याच दारव्ह्याची. बहुतेक वेचणीला जाणाऱ्या. बहुतेकींना साडीतून पँट-शर्टात जायची अजून छाती झाली नव्हती. मी त्यांना दोन तास शिकवलं. थांबवायचं कसं, विचारायचं कसं, पिशवी कशी बघायची. त्या माना डोलवत होत्या. मला वाटलं जमलं.

मग प्रात्यक्षिक. मंगल कार्यालयाचं दार हेच गेट. एक बाई गार्ड, बाकीच्या आत येणाऱ्या. साहेबाने गुपचूप त्यांतल्या एकीच्या हातात आपल्या गाडीची चावी दिली, की ही लपवून आत आणायची. गार्डने ती शोधायची. ती पांढरकवड्याची बाई गार्ड होती. उंच, काटक, बोलायला तिखट.

पहिली बाई दारात आली. गार्डने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर तिने पदर खांद्यावरून ओढला आणि फट्ट झाडला. गार्ड म्हणाली, "जाय." दुसरी आली. फट्ट. "जाय." तिसरी, चौथी. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला थांबवलं नाही. मी शिकवलेलं सगळं त्यांनी जणू ऐकलंच नव्हतं. दाराच्या दोन्ही बाजूच्या बाया मनाने धुऱ्यावर पोचल्या होत्या आणि दोन्हींना सवयीने पुढचं ठाऊक होतं. मी दाराशी "थांबा, थांबा" करत होते, पण तोवर सगळी ओळ आत आली होती.

साहेब उठला. त्याने चावीवालीला पुढे बोलावलं. तिने अंबाड्यातून चावी काढून दिली. तेव्हा तो असा हसला की त्याला टेबलाला धरावं लागलं. बाकीचे प्रशिक्षकही हसले, एक माजी हवालदार तर डोळे पुसायला लागला. मी एकटी तिथे भिंतीवरच्या 'शुभविवाह'कडे बघत उभी.

"बाई," साहेब म्हणाला, "तुम्ही मजूर तयार केले, गार्ड नाही. नापास. पुढच्या खेपेला बघू." आणि जाता जाता म्हणाला, "तसं बघता पद्धत वाईट नाही. झटपट होतं. आपल्या इकडच्या बायांना सवयच आहे. नीट झाडायला लावा, अंबाडा बघा, काम झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग साहेबावर होता, पण काढला बायांवर. बाहेर अंगणात त्यांना उभं करून मी वाटेल ते बोलले. म्हटलं, मुकादमासमोर नाचता तशा इथेही नाचल्या, तुम्हाला कुणी मागितलं होतं का, लाज कशी वाटत नाही. सगळ्या खाली बघत होत्या. पांढरकवड्याची मात्र माझ्याकडेच बघत होती.

"तू काहून इतकी भडकून राह्यली वं?" ती म्हणाली. "तुले काय वाटते, आमी हौसेनं झाडतो? तो मुकादम म्हणे, थांब, मी पाह्यतो. मंग हात घाले. आपण आंधीच झाडला, तं त्याले हात घालाले जागाच राह्यत नाई. जा म्हणाव लागते त्याले."

खरं सांगायचं तर मला त्या बाईचाही राग आला. तिने मला जे सांगितलं ते मला माझ्या घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी धुऱ्यावर उभी राहून वर्षानुवर्षं बघितलं होतं, आणि जे बघितलं ते उलटंच समजले होते.

त्याच आठवड्यात सुटीला मी बोरी अरबला गेले. माय भांडी घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "तू सांगाच्या आंधीच पदर काहून झाडे?"

तिने राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "आता समजलं का तुले?" म्हणाली. "आन समजून काय करशीन? तू तं त्याच हाताची शाळा काढून राह्यली."

"तसं नाई वं माय. मी नीट शिकोतो त्याईले. परवानगी घेऊन..."

"हात तो हातच," ती म्हणाली. "तो बाप्याचा रायते का बाईचा, आतमदी आला म्हंजे आला. तुया सर्टिफिकेटानं तो काय गुळाचा होते?"

मी तावातावाने उठले. म्हटलं, तुला काही कळत नाही, तू जन्मभर झाडतच राहा. ती म्हणाली, "राह्यतो." आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

परतीच्या एसटीत मी निळं पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात साहेबाने स्वतःच लिहून ठेवलं होतं. महिलांची तपासणी महिलेनेच करावी, आडोशाला करावी, संमती घेऊन करावी, संमती नसेल तर अंगाला हात लावू नये, प्रवेश नाकारावा. पदर झाडण्याचं त्यात नाव नव्हतं. त्याचंच पुस्तक आणि त्यालाच ते माहीत नाही, किंवा माहीत असून त्याच्या लेखी ते आमच्या बायांसाठी नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की मी प्रमाणपत्र घेईन तर या पानाच्या जोरावरच. तिसऱ्यांदा परीक्षा देता येत नव्हती. नाही मिळालं तर दवाखान्याचं गेट आणि डॉक्टरच्या सासऱ्याची खुर्ची होतीच.

दुसऱ्या खेपेपर्यंत मी त्या बायांना वेगळंच शिकवलं. आत येणारीचे हात खाली, गार्डचे हात पाठीमागे. पदराला हात गेला की पुन्हा पहिल्यापासून. हात जायचेच. बाया वैतागायच्या, मी ओरडायचे. पांढरकवड्याची म्हणायची, "मॅडम, हे हात काई आईकत नाई." तिने पहिल्यांदा मॅडम म्हटलं, तेही वैतागून. दोन खांबांना दोरी बांधून मी माझ्या घरची चादर आडोसा म्हणून लावली. मावशी, तपासू का, असं विचारायचं. ती हो म्हणाली तर आडोशाला. नाही म्हणाली तर पाया पडली तरी आत घ्यायचं नाही, पण हातही लावायचा नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेब घाईत होता, त्याला नागपूरला जायचं होतं. पहिली बाई आली. हात खाली. पांढरकवड्याच्या बाईने विचारलं, "मावशी, तपासू का?" मावशीने विचार केला, हो म्हणाली, दोघी आडोशाला गेल्या. परत आल्या. दुसरी आली. साहेबाने घड्याळ बघितलं. तिसरीच्या वेळी तो कोपऱ्यातूनच माझ्यावर ओरडला, "अहो बाई, असं करत बसलात तर शिफ्ट सुटायला रात्र होईल. पदर झाडायला सांगा आणि सोडा!"

पांढरकवड्याच्या बाईने माझ्याकडे बघितलं. दारातल्या बाईचा हात पदराकडे निघाला होता.

"सांगू नको," मी म्हटलं.

"परीक्षक मी आहे," साहेब म्हणाला.

"पुस्तकही तुमचंच आहे," मी म्हटलं आणि ते पान उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं. "यात पदर झाडायचं कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवलंत तर आत्ता नापास करा."

माजी हवालदार या वेळी हसला नाही. साहेबाने पान वाचल्यासारखं केलं. "पुस्तक वेगळं, गेट वेगळं," तो म्हणाला. पण बसला. चावी या वेळी एकीच्या डब्यात भाकरीखाली निघाली. गार्डने डबा उघडायला सांगितला, बाईने उघडला, बस. साहेबाने माझ्या कागदावर सही केली ती पेन कागदात घुसेल अशी. 'उत्तीर्ण' लिहिताना त्याचं तोंड कडू झालं होतं, आणि ते बघून मला इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही.

प्रमाणपत्र मी मायला दाखवायला नेलं. तिने हात पुसले नाहीत, म्हणून घेतलं नाही. म्हणाली, "ठेव तिकडं." मी ते तिथे न ठेवता परत घेऊन आले.

बाया पाठवणाऱ्या त्या एजन्सीने मला प्रशिक्षक म्हणून घेतलं. पुढच्या हंगामात तिला दारव्हा रोडवरच्या एका जिनिंगचं, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, काम मिळालं. तिथे कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडायला बाया असायच्या. माझी मायही यंदा तिथेच जाते, हे मला माहीत होतं. वेचणी सोसत नाही म्हणायची. कोणत्या पाळीला जाते, ते ना तिने सांगितलं, ना मी विचारलं. गेटवर मी माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी लावल्या. त्यातली एक पांढरकवड्याची. मालकाशी भांडून मी गेटशेजारी हिरव्या कापडाचा आडोसाही उभारून घेतला.

काही दिवसांनी त्या दोघींचं काम बघायला गेले. गणवेश घालून, बूट घालून. शिफ्ट सुटायची वेळ. लांबूनच मला आवाज आला. फट्ट. फट्ट. फट्ट.

हिरव्या आडोशात पाण्याचा माठ होता, झाडू होता आणि दोघींचे जेवणाचे डबे. बाया ओळीने येत होत्या, पदर झाडत होत्या, आणि पांढरकवड्याची, माझ्या हाताने तयार केलेली, पँट-शर्ट घातलेली, म्हणत होती, "जाय. जाय."

मी तिच्यावर तुटूनच पडले. सगळ्यांसमोर. ती घाबरली नाही.

"मॅडम, एकेकीले आडोशाले नेलं तं साऱ्याईची येष्टी सुटते," ती म्हणाली. "एक दिस केलं तसं. बाया मालेच भांडाले आल्या. त्याच म्हणते, पदर झाडून घे न सोड. आता मी का करू? तुमी येष्टी थांबोता काय?"

एसटी थांबवणं माझ्या हातात नव्हतं. शिफ्टची वेळ बदलायला मालक तयार नव्हता, ते मी आधीच विचारून बसले होते. मी म्हटलं, "आज मी उभी आहे. आज नियमाने होईल. कुणी पदराला हात लावायचा नाही." ओळीतून कुरकुर झाली. कुणीतरी म्हणालं, आली मोठी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ओळ पुढे सरकली आणि समोर माय उभी होती. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. अंगावरचा जुना शर्ट तिने आधीच काढून काखेत धरला होता.

तिला तशीच जाऊ द्यावं, असं माझ्या मनात आलं. पण गेटवर आपलं माणूस, परकं माणूस करायचं नाही, हे मीच शिकवलं होतं आणि ज्यांना शिकवलं त्या दोघी बघत होत्या. मी म्हटलं, "माय, तपासू का?" माझा आवाज मला बरा वाटला नाही.

तिने खांद्यावरून पदर ओढला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्या तोंडासमोर झाडला. फट्ट. कापसाचे धागे उडून माझ्या बुटांवर बसले. ओळीत कुणी हसलं नाही.

"पाह्यलं न, मॅडम?" ती म्हणाली. "जाऊ का?"

मला तिचा राग आला. तो अजून गेलेला नाही. पुन्हा तेच पुढे पुढे, नेहमीसारखं, मी पदर झाडायला सांगितलं नसताना. मला ते सगळं पान तिला तोंडपाठ म्हणून दाखवायचं होतं, आडोसा, संमती, सगळं. मागे एसटीचा हॉर्न वाजला आणि ओळ हलली. माझ्या तोंडून शब्द निघाला तो एकच, आणि तो मी तिच्याकडे न बघता, बुटावरचे धागे झटकता झटकता म्हटला.

"जा."